कोकणातील माध्यमिक शाळेत हाउसचे नवे वर्ष कसे सुरू करावे

जूनच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा कोकणातील बऱ्याच माध्यमिक विद्यालयांच्या आठवीच्या वर्गात आजूबाजूच्या पाच-सहा गावांची मुले पहिल्यांदाच एकत्र बसतात. त्यांतील अनेकांचे सातवीपर्यंतचे शिक्षण वाडीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेले असते. तिथे साऱ्या शाळेचा पट वीस-पंचवीसचा असतो आणि गुरुजींना प्रत्येकाच्या घरची माणसे ठाऊक असतात. तेथून एकदम पन्नास-साठ जणांच्या वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाला वर्गशिक्षकाने पहिल्या आठवड्यातच नावानिशी ओळखावे, ही अपेक्षा वर्गशिक्षकावर अन्याय करणारी आहे. हाउसची, म्हणजे साऱ्या शाळेतील मुलांचे काही मिश्र गट पाडण्याची, योजना कामास येते ती इथे. हाउसमध्ये आठवी, नववी आणि दहावीची मुले एकत्र असल्यामुळे नव्या मुलाला त्याच्याहून थोडी मोठी अशी दोन-चार ओळखीची माणसे शाळेत मिळतात आणि वर्गशिक्षकाखेरीज आणखी एका शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष राहते.

आपल्याकडे मात्र हाउसची आठवण होते ती क्रीडा सप्ताह आणि स्नेहसंमेलन जवळ आले की. तोवर कोण कोणत्या हाउसमध्ये आहे, हे मुलेही विसरलेली असतात. ही पद्धत मुळात इंग्लंडमधील निवासी शाळांची. तिथे हाउस म्हणजे मुले ज्या इमारतीत राहत, जेवत, झोपत ती प्रत्यक्ष वास्तू. आपल्या शाळा दिवसाच्या, मुले संध्याकाळी आपापल्या घरी जाणारी; त्यामुळे आपल्या हाउसला भिंती नाहीत. त्याला उभे ठेवायचे तर एक ठरलेला शिक्षक, एक ठरलेली जागा आणि आठवड्यातला एक ठरलेला तास या तीन गोष्टी पहिल्या पंधरवड्यातच पक्क्या कराव्या लागतात. पुढील मार्गदर्शन शाळा उघडल्यापासून गणपतीच्या सुट्टीपर्यंतच्या काळाचे आहे. या काळात हाउसचा गुणफलक कोरा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे ओघात येतील.

शाळा उघडण्यापूर्वी

हाउस किती असावेत, हे परंपरेवर सोडू नये. सगळीकडे चार रंग असतात म्हणून आपल्याकडेही चार, असे होते आणि मग ऐंशी-नव्वद पटाच्या शाळेत एका हाउसच्या वाट्याला जेमतेम वीस मुले येतात. कबड्डीच्या संघात सात खेळाडू मैदानात आणि राखीव धरून बारा जण लागतात. मुलांचा एक आणि मुलींचा एक असे दोन संघ उभे करायचे तर चोवीस मुले तिथेच संपली. म्हणून एका हाउसमध्ये तीस तरी मुले येतील एवढेच हाउस करावेत, आणि पट कमी असेल तर दोनांवर भागवावे. दोन हाउस असल्याने काही बिघडत नाही, उलट शिक्षकांची ओढाताण वाचते.

हाउसना आधीपासून नावे असतील तर ती बदलू नयेत, कारण जुन्या ढालींवर तीच कोरलेली असतात आणि माजी विद्यार्थी तीच सांगतात. नव्याने ठेवायची असतील, तर थोर पुरुषांची नावे टाळलेली बरी. मैदानावर कुणी एका महापुरुषाचे नाव घेऊन ते ‘हरले’ असे ओरडू लागले की ऐकणाऱ्यालाच संकोच होतो. नद्यांची नावे चांगली. रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी, शास्त्री, काजळी आणि मुचकुंदी अशी चार नावे सहज मिळतात, आणि त्या अनुक्रमे दाभोळ, जयगड, भाट्ये व पूर्णगड येथे समुद्राला मिळतात हे मुलांना नकाशावर शोधायला लावता येते. सिंधुदुर्गात कर्ली, गड आणि तेरेखोल आहेतच. किल्ल्यांची नावेही शोभतात, परंतु त्यातही आपल्या तालुक्यातले किल्ले घ्यावेत.

खरा विचार लागतो तो वाटणीला. सोपे म्हणून वाडीनिहाय वाटणी करण्याचा मोह होतो आणि तो कटाक्षाने टाळावा. कोकणातली वाडी बहुधा एका आडनावाची, एका भावकीची असते; तेव्हा वाडीनुसार केलेली वाटणी ही आपण न म्हणताही जातीनुसार केलेली वाटणी ठरते, आणि गावातली जुनी तेढ मग खो-खोच्या मैदानावर उतरते. याच्या उलट, केवळ चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, तर एखाद्या डोंगरावरच्या वाडीतली एकुलती मुलगी अशा हाउसमध्ये जाते जिथे तिच्या वाटेवरचे कुणीच नसते. दोन्ही टाळण्यासाठी दाखल्यांवरून नव्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे गाव-वाडी, येण्याचा मार्ग आणि शाळेत शिकणारी भावंडे एवढी नोंद करावी. आधी भावंडे असलेल्या मुलांना त्यांच्या भावंडांच्या हाउसमध्ये घालावे. मग मुलींची व मुलांची नावे वेगळी करून, एकेका गावाची नावे क्रमाने सर्व हाउसमध्ये वाटत जावे. शेवटी यादी पुन्हा वाचून एका मार्गावरचे एकटे मूल कुठे पडले आहे का, हे पाहावे आणि तेवढ्यापुरती अदलाबदल करावी. उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून मराठी माध्यमात आलेली मुले असतील, तर त्यांच्याबाबत ही काळजी अधिक घ्यावी. पहिले काही आठवडे भाषेचा अडसर असतो आणि बाजूला बसून हळूच सांगणारे कुणीतरी लागते.

यादी एकदा फलकावर लागली की बदलू नये. ‘माझा मित्र तिकडे आहे’ हे कारण दर वर्षी येते आणि दोन आठवड्यांत विरून जाते.

हाउसची वही

प्रत्येक हाउस शिक्षकाने एक दोनशेपानी वही करावी आणि एका मुलाला एक पान द्यावे. शासनाच्या ऑनलाइन नोंदींत मुलाची माहिती असतेच, मग पुन्हा वही कशाला, असा प्रश्न सहकारी विचारतील. त्या नोंदींत जे नसते तेच इथे लिहायचे आहे. घरी कोणत्या नावाने हाक मारतात. शाळेत पायी येतो की एस.टी.ने, आणि गाडी किती वाजताची. वाटेत व्हाळ (ओढा) किंवा साकव (त्यावरचा छोटा पूल) लागतो का. घरी प्रत्यक्ष कोण असते. दिलेला मोबाइल क्रमांक नेमका कुणाच्या हातात असतो आणि तिथे रेंज येते का. दमा, फिट येणे यांसारखे काही आहे का.

यातला ‘घरी कोण असते’ हा रकाना कोकणात फार महत्त्वाचा आहे. दाखल्यावर वडिलांचे नाव असते, सही असते, पण वडील मुंबईला आणि कधी कधी आईही तिकडेच. मूल आजीजवळ किंवा काकांकडे राहते. अशा मुलाच्या घरी इंग्रजीत आलेला संदेश कुणी वाचत नाही आणि पालकसभेची सूचना मुंबईतल्या फोनवर पडून राहते. हे जूनमध्येच कळले, तर निरोप कुठे द्यायचा ते ठरवता येते.

साकवाचा रकाना पावसासाठी. जुलैत सकाळी घोट्यापर्यंत असलेले व्हाळाचे पाणी दुपारी कमरेला लागते, आणि शाळा लवकर सोडायची वेळ आली की कोणत्या मुलांना सर्वांत आधी सोडायचे व कुणाला मुळीच एकटे सोडायचे नाही, हे त्या क्षणी आठवत बसता येत नाही. अशा मुलांच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही बंद पडले होते. कागदावरची यादी का हवी, हे त्या भागातल्या शिक्षकांना समजावून सांगावे लागत नाही.

ही वही कपाटात, कुलपात ठेवावी. तिच्यातली कोणतीही गोष्ट वर्गात वाचून दाखवू नये आणि पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये.

पहिला तास

हाउसचा तास शाळा सुटल्यावर ठेवू नये. शहरातल्या शाळांना ते जमते. आपल्याकडे पाच-सव्वापाचची गाडी चुकली की पुढची थेट रात्रीची, आणि ज्या मुलांना हाउसची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले त्या गाडीने जाणारी असतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठानंतरचा एक तास मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्यावा आणि वेळापत्रकात छापून घ्यावा. तोंडी मिळालेला तास पहिल्याच चाचणीच्या वेळी गणिताकडे जातो.

जागा निवडताना वर बघावे. पत्र्याच्या छपराखाली पावसाची सर आली की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि आधीच दबलेले मूल दोनदा ‘काय?’ असे विचारले गेले की तिसऱ्यांदा बोलत नाही. स्लॅबची किंवा कौलारू खोली घ्यावी. छत्र्या आणि रेनकोट बाहेर व्हरांड्यात ठेवण्याची सोय आधीच दाखवावी, नाहीतर पहिली दहा मिनिटे त्यातच जातात.

हाउस शिक्षकाने पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये. हाउसचा इतिहास, शिस्त, मागच्या वर्षीचे यश हे सर्व पुढे सांगता येते. मुलांना जोडीने बसवावे, आठवीचे एक आणि नववीचे एक असे, आणि दोघांनी एकमेकांना विचारून मग सर्वांना एकमेकांची ओळख करून द्यावी. काय विचारायचे, ते मात्र ठरवून द्यावे. ‘छंद कोणता?’ असे विचारले की मूल ‘क्रिकेट’ म्हणून मोकळे होते. त्याऐवजी घरापासून शाळेपर्यंतची वाट सांगायला लावावी: पहिले पाणी कुठे लागते, कुठल्या घरचा कुत्रा अंगावर येतो, कोणत्या वळणावर गाडी थांबते, उशीर झाला तर मधली वाट कुठून. गप्प बसणारी मुलगीही इथे बोलू लागते, कारण त्या पायवाटेची माहिती वर्गात तिच्याइतकी कुणालाच नसते. शेवाळलेला दगड कोणता आणि पाय कुठे ठेवायचा, हे ती हाताने दाखवते. मालवणीत, संगमेश्वरीत, जशी येईल तशी सांगू द्यावी, मध्येच प्रमाण मराठीत दुरुस्त करू नये. ऐकता ऐकता हाउस शिक्षकाला वहीतले निम्मे रकाने भरता येतात.

तास संपण्यापूर्वी एवढे सांगावे, की पुढच्या शनिवारी याच खोलीत, याच वेळी. हाउसच्या रंगाची पट्टी त्याच दिवशी द्यावी. नवे टी-शर्ट शिवण्याचा प्रस्ताव जूनमध्ये आणू नये. वह्या, छत्री आणि चपला यांतच घराचे पैसे संपलेले असतात.

सोबती

आठवीच्या प्रत्येक मुलाला नववीतला एक सोबती द्यावा आणि तो गुणांवरून न निवडता मार्गावरून निवडावा. जो त्याच गाडीने येतो, त्याच थांब्यावर उतरतो, त्याच वाटेने चालतो तोच सोबती कामाचा, कारण खरी अडचण थांब्यावर आणि वाटेवर येते. तिथे शिक्षक नसतात. त्या मार्गावर नववीचे कुणी नसेल तर दहावीचे चालेल. मुलीला मुलगीच सोबतीण द्यावी.

सोबत्याची कामे नेमून द्यावीत, नाहीतर ‘लक्ष ठेव’ एवढ्यावर काहीच होत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, वाचनालय आणि कार्यालयाची खिडकी दाखवावी. एस.टी.च्या पासचे काय करायचे, ते सांगावे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो, मुलांना सवलतीचा पास काढावा लागतो, आणि मोफत असला तरी शाळेचे पत्र दिल्याखेरीज तो हाती येत नाही, हे नव्या घरांना बहुधा माहीत नसते. दुसऱ्या आठवड्यापासून एकच काम: सोबतचे मूल दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी हाउस शिक्षकाला सांगणे. चौकशी करणे हे सोबत्याचे काम नव्हे. ते शिक्षकाने करावे.

अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात तेव्हा निरोप पोचवायलाही हीच साखळी उपयोगी पडते. रात्री उशिरा आलेला संदेश ज्या घरी पोचला नाही, तिथे सकाळी पहिल्या गाडीच्या आधी सोबत्याच्या घरून हाक जाते.

कॅप्टन

कॅप्टन दहावीचा असावा, अशी सर्वत्र प्रथा आहे आणि ती मला पटत नाही. दिवाळीनंतर दहावीची मुले सराव परीक्षा, जादा तास आणि फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाची परीक्षा यांत बुडालेली असतात. नेमक्या क्रीडा सप्ताहाच्या वेळी हाउस नेतृत्वहीन होते. कॅप्टन नववीतून निवडावेत, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि दहावीच्या मुलांना सल्लागार म्हणून मान द्यावा. निवड जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गुप्त मतदानाने घ्यावी; त्याआधी आठवीची मुले कुणालाच ओळखत नसल्याने त्यांच्या मताला अर्थ राहत नाही. मतपत्रिका, मतदार यादी, बोटाला शाई हे सारे नागरिकशास्त्राच्या शिक्षकांकडे सोपवले, तर मुलांना त्याचा आनंदही मिळतो. पहिल्या महिन्यात कॅप्टन नसला तरी काही अडत नाही.

पावसाळ्यात काय करावे

जून ते ऑगस्ट मैदान चिखलात असते, त्यामुळे हाउसची कामे छपराखालची हवीत. परिपाठाची जबाबदारी आठवड्याच्या पाळीने प्रत्येक हाउसकडे द्यावी. पहिल्या पाळीत दिनविशेष व बातम्या मोठ्या मुलांनी सांगाव्यात, दुसऱ्या पाळीपासून प्रत्येक दिवशी एक तरी आवाज आठवीचा असावा. २१ जूनचा योग दिन, १ जुलैचा कृषी दिन, आषाढीची दिंडी, २३ जुलैची लोकमान्यांची जयंती (त्यांचा जन्म रत्नागिरीतला, त्यामुळे इथे तिला घरचे स्थान आहे) आणि १५ ऑगस्ट हे दिवस हाउसमध्ये वाटून घेतले की जूनमध्येच प्रत्येकाला आपले काम कळते. भित्तिपत्रक, बुद्धिबळ, कॅरम, पाठांतर हे नेहमीचे आहेच.

त्यात एक भर सुचवावीशी वाटते ती पर्जन्यमापकाची. तयार मापक नसेल तर सरळ भिंतींच्या, सपाट बुडाच्या बरणीला पट्टी लावूनही काम भागते. बरणी झाडाखाली किंवा पागोळीखाली मात्र ठेवू नये. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. शाळेला ती वेळ जमत नसेल, तर जी जमेल ती रोज एकच ठेवावी, मोजून पाणी ओतून टाकावे आणि आकडा परिपाठात वाचावा. ज्या हाउसची पाळी, त्याने मोजायचे. आठवीतल्या लाजऱ्या मुलाला आकडा वाचायचे काम द्यावे. एका वाक्याचे काम असल्यामुळे तो नाही म्हणत नाही, आणि शंभरावर मिलिमीटर झाला की सारी शाळा त्याच्याकडे बघते.

आता गुणांविषयी. गणपतीपर्यंत गुण देऊ नयेत याचे पहिले कारण शेतीचे आहे. जुलैत भाताची लावणी असते आणि अनेक घरांतून मूल चार-पाच दिवस शेतावर राहते. ते राहू नये म्हणून घरच्यांशी जरूर बोलावे. परंतु उपस्थितीला गुण ठेवले तर त्या मुलामुळे हाउस मागे पडते आणि मोठी मुले त्याला तसे ऐकवतात. दुसरे कारण असे, की ओळख होण्यापूर्वी स्पर्धा लावली की नवे मूल हाउसला ओझे वाटू लागते. पुढेही गणवेश, फी, उपस्थिती यांवर गुण ठेवू नयेत आणि उणे गुण तर कशालाच नसावेत. एकाच्या चुकीसाठी साऱ्या हाउसचे गुण कापणे, त्याला सर्वांसमोर उभे करणे, हा मानसिक त्रासाचाच प्रकार आहे आणि शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

पालक

पालकसभेची तारीख शाळेच्या सोयीने ठरते आणि मग पालक येत नाहीत म्हणून आपणच कुरकुरतो. किनाऱ्यावरच्या गावांत जून-जुलैत मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात. त्या पालकांना तेव्हाच बोलवावे, कारण ऑगस्टमध्ये नौका बाहेर पडल्या की वडील आठवडाभर भेटत नाहीत. शेतकरी घरांना मात्र लावणी आटोपल्यावर, म्हणजे जुलैच्या अखेरीस. तेव्हा एकच मोठी सभा घेण्यापेक्षा हाउसनिहाय दोन छोट्या बैठका ठेवाव्यात, वेळ आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळची. आजी आली तर तिला पालक म्हणूनच खुर्ची द्यावी आणि सही नसेल जमत तर अंगठ्याचा प्रश्न चारचौघांत काढू नये.

मुंबईकर पालक भेटतात ते गणपतीत. त्या वेळी शाळा बंद असते, पण आपल्याकडे दर्शनाला घरोघर जाण्याची रीत आहेच. हाउस शिक्षकाने आपल्या वाटेवरची चार-पाच घरे ठरवून जावे, आरतीला थांबावे, खिरापत घ्यावी आणि वडिलांशी दोन गोष्टी बोलाव्यात. प्रगतिपुस्तकाचा विषय तिथे काढू नये. पाहुणे भरलेल्या घरात मुलाची मान खाली जाते. मुलगा परिपाठात बोलला, पाऊस मोजतो, एवढे सांगावे आणि मुंबईचा फोन क्रमांक घ्यावा. घरी परतल्यावर वहीतल्या त्या पानावर क्रमांक लिहून ठेवावा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी वही उघडून कोणाची पाने अजून अर्धी कोरी आहेत, ते पाहावे. तेवढ्या मुलांना त्या तासाला जवळ बसवून घ्यावे, आणि गुणफलक आखण्याचे काम कॅप्टनकडे द्यावे.